अडीच हजार दिलेत, आता पात्रतेचं दारही उघडा

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, तसेच दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : दिव्यांगांच्या अर्थसहाय्यासाठी असलेली उत्पन्नाची अट आणि न सांगता थांबणारं अनुदान

महोदय,

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांमधल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं दरमहा अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झालं. त्याबद्दल आधी आभार मानते. वरच्या हजार रुपयांची किंमत अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घरात आहे त्या घराला कळते. डायपर, फिटच्या गोळ्या, फिजिओथेरपीला जायचं रिक्षाभाडं, यातलं काहीच पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही.

मी तालुक्याच्या गावी राहते. माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. त्याच्या कागदपत्रांसाठी तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत जाता जाता इतरांचेही अर्ज भरून द्यायला लागले आणि आता ते रोजचंच झालं आहे. त्या अनुभवावरून लिहिते आहे. रक्कम वाढली, पण पात्रतेचं दार होतं तेवढंच अरुंद राहिलं. आणि जो कसाबसा आत जातो त्यालाही आपण अजून आत आहोत की बाहेर काढले गेलो आहोत, हे कोणी सांगत नाही.

संजय गांधी योजनेचे निकष कागदावर सरळ दिसतात. वय १८ ते ६५, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य आणि दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. यातली शेवटची अट बाकी सगळ्या अटींना खाऊन टाकते, म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते.

५०,००० ला बारांनी भागलं तर महिन्याचे ४,१६६ रुपये होतात, तेही अख्ख्या कुटुंबाचे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातला एकच माणूस वर्षात १६० दिवस कामावर गेला तर ४९,९२० रुपये होतात. १६१ व्या दिवशी त्याने कुदळ हातात घेतली की घरातलं दिव्यांग माणूस अपात्र ठरलं. म्हणजे सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर निम्मं वर्षसुद्धा राबू नये, तेव्हा कुठे त्या घराला हे अनुदान मागता येतं. ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी केला, त्या राज्यात हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी पाहिलेच नाहीत का, असा प्रश्न मला दर अर्जाच्या वेळी पडतो.

मग मंजूर होणारे अर्ज येतात कुठून? तालुक्याच्या ठिकाणी हे सगळ्यांना माहीत असतं. उत्पन्नाचा दाखला ‘बसवून’ आणला जातो. सेतूमध्ये खुर्चीवर बसलेला मुलगा विचारतो, “कशासाठी पाहिजे? संजय गांधीला? मग अठ्ठेचाळीस टाकतो.” स्वयंघोषणापत्रावर अंगठा उठतो, तलाठ्याचा अहवाल लागतो, दाखला निघतो. या साखळीतल्या कोणालाही मी वाईट म्हणणार नाही. आकडा खोटा असला तरी पलंगावर पडलेलं पोर खरं असतं. पण खोट्या आकड्यावर उभं राहिलेलं अनुदान घरच्यांना कायम धाकात ठेवतं. फेरतपासणीची बातमी आली की त्यांची झोप उडते. भावकीत बिनसलं की पहिला तक्रारअर्ज तहसीलला जातो, कारण दाखल्यातला आकडा भावकीला पाठ असतो.

आणि जो खरं सांगतो त्याचं काय होतं, तेही बघा. माझ्या माहितीतले एक गृहस्थ रात्रपाळीला वॉचमन आहेत, पगार महिन्याला ९,००० रुपये. मुलीला सेरेब्रल पाल्सी, प्रमाणपत्रावर ९० टक्के. तिला अठरा पूर्ण झाली तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि उत्पन्न आहे तेवढं, १,०८,००० रुपये लिहिलं. ऑपरेटरने कमी लिहायला सुचवलं, तर म्हणाले, “पगार बँकेत येतो, खोटं कसं लिहू?” अर्ज उत्पन्नाच्या कारणावरून नामंजूर झाला. मुलीची आई तिला भरवायचं, अंघोळ घालायचं, कूस बदलायचं सोडून कामाला जाऊ शकत नाही. म्हणजे मुलीच्या दिव्यांगत्वाने या घरातली एक कमाई आधीच बंद केली आहे, आणि उरलेल्या एका कमाईमुळे मुलगी अपात्र आहे.

या अटीने घरंही फुटतात. धाकटा भाऊ अंध, थोरला एमआयडीसीत लागला. एकत्र रेशनकार्डावर दोघांची नावं आहेत तोवर धाकट्याला काही मिळणार नाही. तेव्हा आमच्यासारखेच सल्ला देतात की कार्ड वेगळं करा. मग म्हाताऱ्या आईचं आणि अंध मुलाचं एक कार्ड, थोरल्याचं दुसरं. कागदावर झालेली ही फाळणी पुढे वाटणीच्या वेळी, घरकुलाच्या वेळी कशी अंगावर येते, ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय थोरल्याच्या मनातही हळूहळू बसतं की आता धाकट्याची जबाबदारी सरकारची.

आता दुसऱ्या एका योजनेचा विषय काढते. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. ज्यांच्याकडे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आहे त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातूनही सूट दिली गेली. त्या योजनेबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या गल्लीतल्या कित्येक बायकांच्या हातात तिच्यामुळे पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. माझा प्रश्न एवढाच की हेच मोजमाप दिव्यांगांना का नाही? वर्षाला ६०,००० रुपये मिळवणाऱ्या घरातली धडधाकट सून १,५०० रुपयांना पात्र आहे. त्याच घरातला, दोन्ही पायांनी अधू असलेला दीर एका रुपयालाही पात्र नाही. एकाच सरकारने, एकाच घराला, एका योजनेत गरजू आणि दुसऱ्या योजनेत सधन ठरवलं आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये म्हटलं आहे की दिव्यांगांना स्वतंत्रपणे किंवा समाजात राहून जगता यावं म्हणून सरकारने योजना आखाव्यात, आणि अशा योजनांतली मदत इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात संजय गांधी योजनेत विधवा, निराधार आणि दिव्यांग सगळ्यांना दीड हजारच मिळत होते. आता अडीच हजार करून रकमेपुरतं आपण कायद्याच्या पुढे गेलात, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण स्वतंत्रपणे जगण्याचा हक्क द्यायचा आणि पात्रता मात्र बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या पगारावर ठरवायची, हे कलम २४ च्या हेतूत बसत नाही. त्याच कलमात दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरवण्याची मुभा सरकारला दिली आहे. ती मर्यादा किती असावी हे आपल्या हातात आहे आणि ती वाढवायला नवा कायदा लागत नाही.

टक्केवारीबद्दल थोडं सांगते. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, कार्डावर ४० टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी असते, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळी, ८० आणि त्यावर निळी. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्याचे बळी हे सगळे आता त्यात आहेत, मानसिक आजार तर जुन्या यादीतही होता. पण टेबलापलीकडच्या माणसाची नजर अजून काठी आणि कुबडी शोधते. स्किझोफ्रेनिया असलेल्या एका बाईच्या नवऱ्याला माझ्यासमोर विचारलं गेलं, “चालत आल्या ना इथपर्यंत? मग कसल्या दिव्यांग?” कार्ड हातात होतं, टक्केवारी छापलेली होती, तरी विचारलं. शिवाय बऱ्याच प्रमाणपत्रांवर मुदत असते. मुदत संपली की जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी पुन्हा रांग, पुन्हा तपासणी, आणि तोवर अनुदान अडकलेलं. डाऊन सिंड्रोम पाच वर्षांनी जात नाही. जिथे डॉक्टरी दृष्टीने बदलाची शक्यताच नाही तिथे कायमस्वरूपी प्रमाणपत्रच द्यावं, आणि जिथे नूतनीकरण हवं तिथे ते होईपर्यंत अनुदान चालू ठेवावं.

केंद्राच्या वाट्याचंही इथे सांगायला हवं, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला केंद्राकडून महिन्याला ३०० रुपये मिळतात. हा दर २०१२ पासून तोच आहे. वय ८० झालं की तो ५०० होतो. उरलेली रक्कम राज्य घालतं. दोन्ही वाटे वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली असल्याने काहींच्या पासबुकात दोन नोंदी पडतात, एक आली आणि दुसरी मागे राहिली की माणूस घाबरून तहसील गाठतो. त्याला कोणी एकदा नीट समजावलेलं नसतं की तुझे पैसे दोन ठिकाणांहून येतात. मंजुरीच्या पत्रावरच हे दोन ओळींत छापता येईल.

आता बंद पडणाऱ्या अनुदानाबद्दल. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार ‘पगार बंद झाला’ हीच असते. निराधारचे पैसे आमच्याकडे पगार म्हणूनच ओळखले जातात. तो बंद झाल्याचं माणसाला बँकेत गेल्यावर कळतं, आणि का झाला हे तिथेही कळत नाही. बँक म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणतं बँकेत विचारा.

कारणं ठरावीक आहेत. हयातीचा दाखला दिलेला नसतो. आधारवरचं नाव आणि अर्जावरचं नाव यात एका वेलांटीचा फरक असतो. किंवा पैसे आलेले असतात, पण भलत्याच खात्यात. या शेवटच्या कारणाने लोक सर्वांत जास्त हैराण होतात. अनुदान आता डीबीटीने, म्हणजे थेट बँक खात्यात, आधारच्या आधाराने जमा होतं. म्हणजे अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला यापेक्षा एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे कोणती बँक आहे, यावर पैसे कुठे जाणार ते ठरतं. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक राहते आणि शेवटी जी जोडली गेली ती चालते. कोणी बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, कोणी मोबाईल दुकानात सिमकार्डाबरोबर पेमेंट बँकेचं खातं उघडून घेतलं, फॉर्मवर एक खूण केली, आणि पगार तिकडे गेला. माणूस मात्र जुनं पासबुक घेऊन जुन्याच बँकेत एंट्री मारत बसतो. एका आजीबाईंचे पैसे असे महिनोन्‌महिने दुसऱ्या खात्यात साठत होते आणि इकडे त्या किराणा उधारीवर आणत होत्या. कोणत्या बँकेत जमा केले एवढं सांगणारा एक एसएमएस, किंवा ग्रामपंचायतीत लावलेली एक यादी, एवढ्याने हे टळलं असतं.

अंगठ्याचंही तेच. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाची बोटं मशीनवर उमटत नाहीत. अंध व्यक्तीच्या डोळ्यांचं स्कॅन होत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला कॅमेऱ्यासमोर डोकं स्थिर धरता येत नाही आणि ॲप सांगत राहतं, पापणी मिटवा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि दिव्यांगांसाठी केवायसीचे पर्यायी मार्ग ठेवण्याचे निर्देश दिले. हयातीच्या पडताळणीतही हे आलं पाहिजे. ग्रामपंचायतीचा कर्मचारी किंवा आशाताई घरी जाऊन माणूस पाहून आली, तिने सही केली, हे पुरेसं धरावं. ती त्या घराला नावानिशी ओळखते.

माझ्या भावासारख्यांची आणखी एक अडचण. तो अठरा वर्षांचा झाला की कायद्याने प्रौढ, त्याच्या वतीने आम्ही सही करू शकत नाही. बँक पालकत्वाचं प्रमाणपत्र मागते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं. अशी समिती असते हेच बहुतेक पालकांना माहीत नसतं, आणि अर्ज केल्यावर तिची बैठक कधी होईल ते कार्यालयातही सांगता येत नाही. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे, त्यामुळे तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांना तोही रस्ता नाही. अनुदान मंजूर आहे पण खातं उघडत नाही, अशी घरं मला माहीत आहेत.

दुसरी राज्यं काय करतात ते बघून तरी आपण विचार करावा. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून दिव्यांगांचं निवृत्तिवेतन ६,००० रुपये आहे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला गाव सचिवालयाचा कर्मचारी ते घरी आणून देतो. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू यांनी उपोषण केलं तेव्हा त्यांच्याही मागण्यांत दिव्यांगांना ६,००० रुपये ही मागणी होती. तिजोरीची ओढाताण मला समजते. म्हणून मी आज रकमेवर अडून बसत नाही, पण तारीख ठरवायला तिजोरीची अडचण येऊ नये. अडीच हजार येणार असतील तर ते कोणत्या तारखेला येणार हे माहीत असलं की मेडिकलवाला उधार देतो. दोन महिन्यांचे एकदम आणि पुढचे कधी ते माहीत नाही, अशा पैशांवर तो देत नाही.

तर मागते आहे ते हे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ५०,००० वरून लाडकी बहीण योजनेइतकी, अडीच लाख करा, आणि पिवळ्या-केशरी कार्डधारकांना दाखल्यातून तशीच सूट द्या. ८० टक्के आणि त्यावरच्या, म्हणजे निळ्या कार्डाच्या व्यक्तीला उत्पन्नाची अटच ठेवू नका. चोवीस तास दुसऱ्या माणसावर अवलंबून असलेल्याची गरज घरच्यांच्या पगाराने कमी होत नाही. अठरा-वीस वर्षांच्या दिव्यांग मुलींचं लग्न होऊन त्या शेजारच्या राज्यातून इथे येतात, त्यांना १५ वर्षांच्या वास्तव्याची अट लावू नका. नवऱ्याचं वास्तव्य धरा. अर्ज नामंजूर केलात किंवा अनुदान थांबवलंत तर कारण लेखी, मराठीत, समजेल अशा शब्दांत द्या, आणि त्याविरुद्ध कोणाकडे किती दिवसांत दाद मागायची तेही त्याच कागदावर लिहा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्याच राज्याचा आहे, हे अनुदान आणि त्यातल्या तक्रारी त्याच्या मुदतीत बांधा.

आणखी एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, तेही आजचे २१ प्रकार कायद्यात नसताना. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने तालुकावार तीन आकडे दरवर्षी जाहीर करावेत : किती दिव्यांगांनी अर्ज केले, किती नामंजूर झाले, आणि त्यातले किती फक्त उत्पन्नाच्या कारणाने. त्या तिसऱ्या आकड्यातले सगळे अर्ज नव्या मर्यादेने पुन्हा तपासायला घ्यावेत, अर्जदाराला पुन्हा सेतूत न बोलावता. कागद त्यांचे आपल्याकडेच आहेत.

उत्तराची वाट पाहते. या पत्राची एक प्रत आमच्या तहसील कार्यालयाच्या संगांयो शाखेत आवकला नोंदवून देत आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एका दिव्यांग भावाची बहीण